खांदा कामानं जातो की वयानं? (द्राक्षबागेत थिनिंग करणाऱ्या बायकांबद्दल)

मांडवाखाली
रवि, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

तासगाव तालुक्यात माझी अडीच एकर द्राक्षबाग आहे, सगळी मांडवाची (वेल डोक्यावरच्या तारांवर पसरलेले, घड खाली लोंबतात), वाण निम्मा थॉमसन निम्मा सोनाका. आमच्या भावकीतली एक काकी गेली वीसेक वर्षं बायकांची टोळी घेऊन बागा करते, माझी पण आणि गावातल्या आणखी सात-आठ जणांच्या. ऑक्टोबर छाटणीनंतरची पेस्ट, मग वांझ फूट काढणं, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), थिनिंग (घडातले जादा मणी कात्रीनं काढणं), सगळं त्यांच्याच हातचं. परवा तिच्या घरी गेलतो तर फडताळातला वरचा चटणीचा डबा काढायला नातवाला हाका मारत होती. म्हटलं काय झालं, तर म्हणे उजवा हात खांद्याच्या वर जाईना, वेणी घालायला पण सून लागते. गावातल्या डॉक्टरांनी "वयोमानानं होतं" म्हणून गोळ्या दिल्यात. काकीचं वय ४८.

काल थिनिंग चालू होतं तेव्हा सहज रांगेत विचारत गेलो. अकरा बायकांतल्या सात जणी म्हणाल्या रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. त्यातली एक २६ वर्षांची आहे. आता तिचं पण वयोमान काय?

प्रश्न साधा आहे, असलं दुखणं कामानं होतं का, आणि होत असेल तर बागायतदारानं काय करायचं? गोळ्या आणि तेल सोडून सांगा.

कृष्णाकाठचा
रवि, रात्री ९:५५

पहिला नंबर माझा! वाचतोय. (द्राक्षं कधी काढताय? 😄)

निवृत्त_कॅशियर
रवि, रात्री १०:२०

मी उभ्या आयुष्यात रिकामी पाटीसुद्धा उचललेली नाही. बँकेत ३४ वर्षं नोटा मोजल्या, तरी ५५ व्या वर्षी डावा खांदा असा आखडला की शर्ट घालायला सौ. लागायच्या. तेव्हा प्रत्येक गोष्टीचं खापर कामावर फोडू नये असं माझं मत. शुगर तपासलीत का काकींची? माझी २८० निघाली होती.

बाकी त्या दीड वर्षात सौं.कडून जे ऐकून घेतलं त्यावर वेगळा धागा निघेल.

जुनं_जातं
रवि, रात्री १०:४१

आमच्या आजीनं जन्मभर पहाटे उठून जातं ओढलं, विहिरीचं पाणी शेंदलं, डोक्यावरनं वैरणीचे भारे आणले. नव्वदीपर्यंत ठणठणीत. आत्ताची पिढीच पोकळ.

फळा_खडू
रवि, रात्री १०:५०

@जुनं_जातं, आजीला कोणी विचारलं होतं का दुखतंय का म्हणून? माझी आजी पण "ठणठणीत" होती, फक्त रोज झोपताना वीट तापवून फडक्यात गुंडाळून खांद्याखाली घ्यायची. आम्हाला वाटायचं तिची सवय आहे.

मी झेडपीची शिक्षिका, २२ वर्षं फळ्यावर लिहितेय. फळा पुरुष मास्तरांच्या उंचीला ठोकलेला. वरच्या ओळी मी आता लिहीतच नाही, अर्ध्यापासून खाली लिहिते, पोरांना वाटतं बाईंची स्टाईल आहे.

फिजिओताई
सोम, सकाळी ७:१५

मी मिरजेत फिजिओथेरपी करते. सीझनला माझ्याकडे तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ भागातल्या बायका येतात, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

कॅशियर काकांचा खांदा आणि या काकींचा खांदा हे बहुधा दोन वेगळे आजार आहेत आणि लोक दोन्हीला सरसकट फ्रोझन शोल्डर म्हणतात. फ्रोझन शोल्डरमध्ये सांध्याभोवतीचं आवरणच आखडतं. हात स्वतःला वर नेता येत नाही आणि दुसऱ्यानं धरून उचलला तरी जात नाही, कोपर अंगाला चिकटवून हात बाहेर वळवायला सांगितला तरी अडतो. हा साधारण ४० ते ६० वयात होतो, बायकांना जास्त, आणि शुगर किंवा थायरॉईड असेल तर शक्यता बरीच वाढते. यात कामाचा हात तितका सरळ दिसत नाही. काका, तुमचं बरोबर आहे, पण ते तुमच्यापुरतं.

दुसरा आजार आहे तो स्नायूंच्या दोऱ्यांचा. खांद्याचा सांधा खुब्यासारखा खोल नसतो, बशीवर लिंबू ठेवल्यासारखा असतो, आणि ते लिंबू जागेवर धरायला चार छोटे स्नायू असतात. त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. त्यातला सगळ्यात वरचा जो आहे त्याची दोरी खांद्याच्या टोकावरच्या हाडाखालच्या चिंचोळ्या जागेतनं जाते. हात वर केला की ती जागा आणखी चिंचोळी होते. दिवसातनं दहावेळा झालं तर काही बिघडत नाही. पण थिनिंग करणारी बाई हात वर करून परत खाली आणतच नाही, वरच ठेवते.

आता हिशेब करा. माणसाचा एक हात म्हणजे वजनाच्या साधारण ५ टक्के. ५० किलोची बाई असेल तर अडीच किलो. कात्रीचं वजन सोडूनच द्या, ती नुसता स्वतःचा हात दिवसभर उचलून धरते. आणि स्नायू असा ताणून धरून ठेवला की त्यातलं रक्त नीट खेळत नाही, चालता-फिरता स्नायू दमतो त्यापेक्षा हा लवकर दमतो. म्हणून ऊस तोडणाऱ्या बाईपेक्षा थिनिंगवाली "नुसती उभी राहून" जास्त खांदा धरून बसते, आणि घरच्यांना वाटतं सावलीतलं हलकं काम आहे.

@जुनं_जातं, जात्याचा खुंटा खांद्याच्या खाली असतो बरं का. आजी बसून ओढायची. तो फरक फार मोठा आहे.

@मांडवाखाली, काकींना एक करून बघायला सांगा. हात बाजूनं हळूहळू वर न्यायचा. सुरुवातीला बरं, मध्ये कळ, आणि त्याच्या वर गेल्यावर परत कमी असं होतंय का? आणि तुम्ही किंवा सुनेनं हात धरून उचलला तर पूर्ण जातोय का? हे निदान नाही, नुसता अंदाज. नंतर हाडाच्या डॉक्टरांना दाखवाच. आणि डावा खांदा दुखताना छातीत दडपण, घाम, दम असलं काही असेल तर तेल चोळत बसू नका, थेट दवाखाना.

निवृत्त_कॅशियर
सोम, सकाळी ८:०२

ताई, बरोबर. माझा हात डॉक्टरांनी धरून उचलला तेव्हा मीच खुर्चीसकट वर गेलो होतो. माघार घेतो.

मर्दा_थांब
सोम, सकाळी ८:३०

फिजिओताई जिंदाबाद. वाचनखूण साठवली.

अवांतर: कुस्तीत खांदा निखळतो तो यात बसतो का? आमच्या तालमीत एक वस्ताद होते, भिंतीला पाय लावून हात ओढून बसवायचे, कडाक् आवाज आला की "जा लंगोट बांध".

फिजिओताई
सोम, सकाळी ८:४१

नाही बसत. आणि असं ओढून बसवू नका, रक्तवाहिनी आणि मज्जातंतू दोन्ही जायची भीती असते. वस्तादांना नमस्कार सांगा, पण लांबूनच.

सेफ्टीवाला_कुपवाड
सोम, दुपारी १:२५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. मी एमआयडीसीत एका फाउंड्रीत सेफ्टीचं काम बघतो. ताईंनी आतलं सांगितलं, मी बाहेरचं सांगतो.

अमेरिकेत नायॉश म्हणून सरकारी संस्था आहे, कामगारांच्या आरोग्याची. त्यांनी १९९७ साली सहाशेच्या वर अभ्यास एकत्र चाळून एक मोठा अहवाल काढला, मान, खांदा, मनगट, कंबर असं वेगवेगळं. खांद्याबद्दल त्यांचं म्हणणं असं, की एकच हालचाल परत परत करणं आणि हात ६० अंशांच्या वर सारखा नेणं किंवा तिथंच धरून ठेवणं, या दोन्हीचा खांद्याच्या दुखण्याशी संबंध असल्याचा पुरावा आहे. गंमत म्हणजे नुसता जोर आणि नुसतं कंपन याबद्दल त्यांनी तेव्हा पुरावा अपुरा असं लिहिलं. म्हणजे आपल्याला जे वाटतं की वजन उचललं म्हणूनच खांदा जातो, ते अर्धवट आहे. ६० अंश म्हणजे किती? हात लोंबता ठेवला की शून्य, समोर सरळ धरला की ९०. म्हणजे खांद्याच्या बऱ्यापैकी खालीच धोक्याची रेष चालू होते. मांडवाखालच्या बाया तर त्याच्या कितीतरी वर.

आमच्याकडे ग्राइंडिंगवाल्यांचे खांदे पहिले गेले. ग्राइंडर हलका करून बघितला, फार फरक नाही पडला. मग कास्टिंग ठेवायचं टेबल वेल्डरला बोलवून चार इंच खाली घेतलं आणि तक्रारी कमी झाल्या. चार इंच! मॅनेजमेंटला पटवायला सहा महिने आणि टेबल कापायला अर्धा तास.

अजून एक जे कुणी धरत नाही. वेग कोण ठरवतं? काम करणारा माणूस स्वतः थांबू शकतो का? टार्गेटची घाई, मुकादम मानेवर, मध्ये थांबायची सोय नाही, अशा ठिकाणी दुखणी जास्त सापडतात. तुमच्या बाया हजेरीवर आहेत की उक्तं?

मांडवाखाली
सोम, दुपारी १:५०

उक्तं. एकराचा रेट ठरतो. 😐

हळदीचं_पोतं
सोम, दुपारी ३:१०

मिटलं तर मग. माझे वडील सांगलीत यार्डात हमाल होते, हळदीला आणि गुळाला. तेव्हा १०० किलोचं पोतं असायचं, एक जण पाठीवर घ्यायचा. आता ५० वर आलंय ते भांडून आलंय, कुणी खुशीनं नाही दिलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ सालीच शिफारस केलेली की पुरुष माणसानं हातानं न्यायचं वजन ५५ किलोच्या वर असेल तर ते कमी करावं. आपल्याकडं माथाडी कायदा १९६९ चा. पण कायदा झाला म्हणून वडलांचा खांदा परत थोडाच येणार, उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली होता शेवटपर्यंत. फोटोत पण दिसतो.

सांगायचं ते हे, की हमालाला निदान पावती आहे, बोर्ड आहे, संघटना आहे. बागेतल्या बाईला यातलं काय हाय? उक्त्यात बाई पाणी प्यायला पण थांबत नाही.

बेदाणा_किंग
सोम, दुपारी ४:००

हे बघा, सगळं मालकावर ढकलू नका. मी पण बागायतदार आहे. मी दोन वर्षांपूर्वी हजेरी करून बघितली, बायकाच आल्या नाहीत. त्यांनाच उक्तं पाहिजे असतं, सकाळी लवकर उरकून दुसरी बाग धरता येते, पैसे जास्त सुटतात. थिनिंगचे दिवस ठराविक असतात, मणी फुगायला लागला की घडात कात्री शिरत नाही, तेव्हा अख्ख्या गावाला एकाच वेळी बायका पाहिजे असतात. त्यात अवकाळी आला, डाऊनी (बुरशीचा रोग) आली तर आमचंच दिवाळं. खांदे आमचे पण दुखतात, कर्जानं.

फळा_खडू
सोम, दुपारी ४:२०

कर्जाचा खांदा एमआरआयमध्ये दिसतो का हो?

बेदाणा_किंग
सोम, दुपारी ४:२२

सातबाऱ्यावर दिसतो ताई.

मांडवाखाली
सोम, रात्री ९:१०

हाहा. बेदाणा_किंग यांचं खोटं नाही. काकीला मीच विचारलं, हजेरी करूया का, तर म्हणाली "तू देशील हजेरी, बाकीचे सात जण देतील का? तुझ्याकडं आराम आणि त्यांच्याकडं घाई, मग माझं गणित कसं बसायचं." यावर मला काही बोलता आलं नाही.

ताईंनी सांगितलेलं करून बघितलं. सुनेनं हात धरून उचलला तर पूर्ण वर जातोय. स्वतः नेताना मध्येच कळ येते, त्याच्या वर गेलं की कमी. शनिवारी मिरजेत दाखवायचं ठरवलंय.

पुणेरी_पाहुणा
सोम, रात्री ९:३०

मूळ प्रश्नाशी संबंध आहे म्हणून लिहितो. आयटीवाले कुठलंही वजन उचलत नाहीत तरी आमच्या टीममध्ये चौघांचे खांदे-मान धरलेत. कारण माऊस लांब ठेवतात आणि हात दिवसभर पुढे ताणलेला. कीबोर्ड जरा बाजूला सरकवून माऊस जवळ आणा, फरक पडतो. शंभर टक्के स्वानुभव.

कृष्णाकाठचा
सोम, रात्री ९:३३

पुण्याचे लोक द्राक्षाच्या धाग्यात पण माऊस घेऊन आले. हलके घ्या.

तुंबा_आणि_तारा
सोम, रात्री १०:०५

मिरजेचा म्हटल्यावर सतारीचं यायलाच पाहिजे 😊 आमच्या गल्लीत सतार-तंबोरे करणारी घरं. भोपळा कोरायचा, दांडी तासायची, पॉलिश घासायचं, सगळं जमिनीवर बसून, काम मांडीत घेऊन. मान आणि कंबर जाते यांची, खांद्याची तक्रार मी तरी कमी ऐकली. ताईंच्या जात्याच्या मुद्द्यावरून आठवलं, काम छातीच्या खाली असतं म्हणून असेल का?

फिजिओताई
सोम, रात्री १०:१२

असू शकतं. खांद्याचा भार वाचतो तो मानेवर आणि कमरेवर जातो, फुकट काही नसतं.

गुरांचा_डॉक्टर
मंगळ, सकाळी ६:५०

मी माणसांचा डॉक्टर नाही त्यामुळे आतापर्यंत गप्प होतो. पण खांदा म्हटलं की आमच्याकडे आजार एकच, खांदेसूज. कारखान्याच्या सीझनला उसाची गाडी ओढणाऱ्या बैलांना होते. जू खडबडीत असलं की होते, गाडी पुढं जड भरली की होते, आणि हमखास होते ती जोडीतला एक बैल उंच आणि दुसरा बुटका असला की. जू तिरकं बसतं आणि घासून घासून सूज येते. शेतकऱ्याला हे मी सांगावं लागत नाही, त्याला आधीच ठाऊक असतं. तो बाजारात बैल बघताना दात बघतो आणि मग जुन्या बैलाशेजारी उभा करून उंची बघतो. सूज आली की पहिल्यांदा बैल सोडतो, औषधाचं नंतर. बैलाचं वय झालंय असं मला अजून तरी कुणी सांगितलेलं नाही.

मांडवाची तार किती फुटाला आहे तुमच्या?

हळदीचं_पोतं
मंगळ, सकाळी ७:२०

डॉक्टर 🙏

आणि बेंदराच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी असते, हळद आणि तूप चोळून. आमची आई दरवर्षी म्हणायची, वडलांचा पण एक नंबर लावा त्यात.

मांडवाखाली
मंगळ, रात्री ८:४५

आज टेप घेऊन बागेत गेलो. तार ७ फुटाला आहे. घड लोंबतात ते साडेपाच ते सहा फुटांवर. बाग लावली तेव्हा मीच उंची धरलेली, ट्रॅक्टरचा फवारणीचा ब्लोअर खालनं जायला पाहिजे आणि माझं डोकं तारेला लागू नये म्हणून. मी ५ फूट १० इंच. मला घड बरोबर तोंडासमोर येतो, थिनिंग करून बघितलं, अर्धा तास काहीच वाटलं नाही.

मग बायकांची उंची विचारली, त्यांना हसू आवरेना, एक म्हणाली लग्न जमवताय काय कुणाचं. काकी ४ फूट ११. सगळ्यात उंच बाई ५ फूट ३. त्या २६ वर्षांच्या पोरीला पाय उंचावून घड धरताना मी इतकी वर्षं बघतोय आणि कधी डोक्यात आलं नाही. मी पण गुडघ्यात वाकून काकीच्या उंचीला आलो आणि घड धरून बघितला. पाच मिनिटांत हात खाली.

आता तार खाली घेता येत नाही. वाय पद्धतीत (इंग्रजी Y सारख्या आधारावर वेल चढवतात) घड छातीसमोर येतात असं ऐकून आहे पण उभी बाग मोडून वाय करायला माझ्याकडं पैसा नाही. मग काय करता येईल?

बेदाणा_किंग
मंगळ, रात्री ९:०५

क्रेट पालथं घालून त्यावर उभं करा. आमच्याकडं दोघी-तिघी करतात तसं.

सेफ्टीवाला_कुपवाड
मंगळ, रात्री ९:१५

क्रेट नको. ढेकळात डुगडुगतं, पाय मुरगळला तर खांदा परवडला. आणि दर वेलीला उचलून न्यायचं म्हणजे वेळ जातो, उक्त्यात कोण उचलणार? लांबट, रुंद पायाचं, हलकं काहीतरी करा, म्हणजे एकदा ठेवलं की दोन वेलींचं काम होईल.

दुसरं, सगळ्यांनी दिवसभर तेच करायचं नाही. निम्म्या जणी वर, निम्म्या खाली काड्या-पाला गोळा करायला, दोन तासांनी बदल. आणि कात्र्यांना धार लावून द्या. बोथट कात्रीला एकाच जागी दोनदा दाबावं लागतं, हात तेवढा जास्त वेळ वर राहतो.

फिजिओताई
मंगळ, रात्री ९:४०

+१. आणि ज्यांचं दुखतंय त्यांनी "मोडून काढते" म्हणून जोरानं हात फिरवू नये. व्यायाम असतात, पण ते तपासल्यावर. दुखणं नवीन आहे तोवर लवकर आवरतं, दोरी झिजून फाटली की मग ऑपरेशनच्या गोष्टी सुरू होतात.

मर्दा_थांब
बुध, दुपारी १२:१०

धाग्याचं पुढं काय झालं? काकी कशी आहे?

(नऊ दिवसांनी)

मांडवाखाली
शुक्र, रात्री १०:१५

उशीर झाला, थिनिंगच चालू होतं.

काकीला दाखवलं. दोरीला सूज आहे, फाटलेली नाही. शुगर नॉर्मल. सहा आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचं काम बंद सांगितलंय आणि व्यायाम दिलेत. काम बंद म्हणजे टोळीवर नुसती देखरेख. तिची मजुरी मी माझ्या बागेपुरती पूर्ण देतोय. बाकीच्या सात जणांपैकी दोघांनी हो म्हटलं, बाकी "बघू" म्हणाले.

वेल्डरकडनं पाच बाकडी करून घेतली. एक फूट उंच, चार फूट लांब, खाली रुंद पट्टी मारली म्हणून जमिनीत रुतत नाहीत. पहिल्या दिवशी कुणी चढेना, लाज वाटते म्हणे, सिनेमाच्या शूटिंगसारखं दिसतंय. दुसऱ्या दिवशी ती २६ वर्षांची पोरगी चढली आणि मग बाकडी कमी पडली, त्यावरनं भांडणं. वेग थोडा कमी झाला, खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस जवळजवळ पाऊण तास जास्त लागला. आता तेवढा नाही. पाळीपाळीनं खाली काम करायचं मात्र जमलं नाही, ज्यांचा हात चालतो त्या खाली यायला तयार नाहीत.

पाचातलं एक बाकडं सध्या गायब आहे. चौकशी केली तर काकीच्या स्वयंपाकघरात सापडलं, फडताळाखाली.

जुनं_जातं
शुक्र, रात्री १०:३०

आमच्या आजीच्या खांद्याबद्दल आईला फोन करून विचारलं. आई म्हणाली, "तुला काय माहीत, तू पुण्याला होतास." तर ते असो.

बाकडी किती रुपयाला पडली? आणि वेल्डरचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा.

बेदाणा_किंग
शुक्र, रात्री १०:३४

मला पण. आठ पाहिजेत. तीन इंच कमी चालेल, माझी तार पावणेसात फुटाला आहे, आजच मोजली.